जुनी वस्तू ऑनलाइन विकताना पैसे येण्याऐवजी का जातात? फसवे ग्राहक ओळखण्याची आणि अडवण्याची पद्धत

लक्षण

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा तशाच एखाद्या ठिकाणी जाहिरात टाकून अर्धा तास होत नाही तोच फोन येतो. समोरचा अदबीने बोलतो. "वस्तू आवडली, किंमत मान्य आहे, जाहिरात काढून टाका, पैसे आत्ताच पाठवतो." खरं गिऱ्हाईक असं बोलत नाही. खरा माणूस आधी विचारतो, "फायनल किती?" मग बिल आहे का, किती वर्षं वापरलंय, बघायला कधी येऊ, असे प्रश्न येतात. वस्तू न बघता, घासाघीस न करता ताबडतोब पैसे द्यायला निघालेला माणूस दिसला की तिथेच सावध व्हायचं.

"पैसे घ्यायला पिन लागत नाही" हे आता बहुतेकांना तोंडपाठ आहे. तरीही लोक फसतात, कारण फसवणूक फक्त पिनपुरती उरलेली नाही. म्हणून त्याहून व्यापक नियम धरा: बोलणारा, पैसे देणारा आणि वस्तू नेणारा माणूस एकच असावा आणि तो तुमच्यासमोर उभा असावा. खाली दिलेल्या बहुतेक युक्त्यांमध्ये हे तिघे कुठेतरी वेगळे झालेले दिसतील.

"मी सैन्यात आहे, सामान न्यायला गाडी येईल"

सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती. सैन्यात, सीआयएसएफमध्ये (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात) किंवा विमानतळावर नोकरीला असल्याचं सांगतात, बदली झाली आहे म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, आधार असं सगळं न मागता पाठवतात.

सैन्यच का निवडतात? एकतर त्या नावाला लोक मान देतात. दुसरं म्हणजे "मी स्वतः येऊ शकत नाही" याचं कारण आयतंच मिळतं. आणि तिसरं, पैसे देण्याची चमत्कारिक पद्धत त्यात खपून जाते: "आमच्याकडे पेमेंट आर्मीच्या खात्यातून होतं, आधी तुम्ही पाठवायचं, मग दुप्पट परत येतं." अशी कुठलीही पद्धत नाही. सैनिकाचं यूपीआय तुमच्या-आमच्यासारखंच चालतं.

पाठवलेली ओळखपत्रं कधी बनावट असतात, तर कधी खरी, पण दुसऱ्याच कुणाची. "व्हेरिफिकेशनसाठी तुमचं आधार-पॅन पाठवा" असं सांगून ज्यांच्याकडून आधी कागदपत्रं घेतली, त्यांचीच ती पुढच्या सावजाला दाखवली जातात. तुम्ही आधारचा फोटो पाठवलात तर उद्या कुणीतरी तुमच्या नावाने सोफा विकत घेत असेल. खुर्ची किंवा फ्रिज विकायला विक्रेत्याच्या आधारची गरज नसते, देऊ नका.

क्यूआर कोड, लिंक आणि "पिन टाका म्हणजे जमा होईल"

हा खेळ टप्प्याटप्प्याने चालतो. आधी विश्वास बसवतात: "१० रुपये पाठवून बघा, २० परत येतात का ते बघू." तुम्ही १० पाठवता आणि २० खरंच येतात. ते २० रुपये ही त्याची गुंतवणूक. मग ठरलेल्या रकमेचा, समजा १२,००० चा क्यूआर येतो. त्याच्याभोवती हिरव्या अक्षरांत "पैसे प्राप्त करा" असं काहीतरी छापलेलं असतं. ती अक्षरं चित्रावर लिहिलेली आहेत, यूपीआयशी त्यांचा काही संबंध नाही. पूर्वी यासाठी "कलेक्ट रिक्वेस्ट", म्हणजे यूपीआयवरून पाठवलेली पैशाची मागणी, सर्रास वापरायचे. व्यक्ती-व्यक्तीमधल्या कलेक्ट रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या, त्यामुळे आता भर क्यूआर आणि लिंकवर आहे.

आता पिनचं पान नीट बघा. अ‍ॅप कुठलंही असो, हे पान जवळपास सारखंच दिसतं, कारण ते एनपीसीआयच्या एकाच साच्यातून येतं. वर तुमच्या बँकेचं नाव, त्याखाली पैसे कुणाला जाणार त्याचं नाव, "सेंडिंग" हा शब्द आणि रक्कम, मग पिनसाठी चार किंवा सहा जागा. म्हणजे तुम्ही पैसे पाठवताय हे त्या पानावर चक्क लिहिलेलं असतं. मग वाचत का नाही माणूस? कारण त्याच क्षणी कानाला फोन असतो आणि समोरचा सलग बोलत असतो: "हां सर, आता खाली निळं बटण, आता पिन, लवकर करा, सेशन संपेल." ते बोलणं मुद्दाम असतं. एकदा पैसे गेले की म्हणतात, "एरर आला, परत स्कॅन करा, दोन्ही एकदम परत येतील." दुसरा आणि तिसरा व्यवहार अशा घाबरलेल्या अवस्थेत होतो आणि मोठं नुकसान त्यातच होतं.

उपाय सोपा आहे. पैशाचं बोलणं सुरू झालं की फोन ठेवा आणि लिहा, "साइटच्या चॅटमध्ये मेसेज करा, बघून कळवतो." खरं गिऱ्हाईक थांबतं.

पिनच्या नियमाला आता एक दुरुस्तीही लागते. यूपीआय लाइटमधून (छोट्या रकमांसाठीचं अ‍ॅपमधलं पाकीट) १,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात. काही अ‍ॅपमध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहराही चालतो. त्यामुळे "पिन मागितला नाही म्हणजे सुरक्षित" हे गणित चुकतं. नियम असा धरा की पैसे घेताना तुम्हाला काहीही करायचं नसतं: स्कॅन नाही, बटण नाही, ठसा नाही. तुमचा यूपीआय आयडी किंवा तुमचा क्यूआर त्याला द्यायचा आणि स्वस्थ बसायचं. स्कॅन करायचं काम त्याचं.

अशा वेळी दोन गोष्टी हमखास मागतात. एक म्हणजे स्क्रीन शेअर. एनीडेस्कसारखं अ‍ॅप डाउनलोड करायला सांगतात, किंवा व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉलवर "स्क्रीन शेअर दाबा, मी सांगतो कुठे चुकतंय" म्हणतात. स्क्रीन दिसली की बँकेचा ओटीपी त्याला वाचता येतो. दुसरी म्हणजे "कुरिअरचं अ‍ॅप" किंवा "पेमेंटची पावती" या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट अ‍ॅप टाकणारी फाइल. ती उघडून इन्स्टॉल केली की तुमचे एसएमएस तिकडे जायला लागतात. फाइल इन्स्टॉल झालीच असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग व यूपीआय थांबवा. त्यानंतरच फोन फॅक्टरी रिसेट करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकणं पुरेसं नाही.

"पैसे पाठवलेत, स्क्रीनशॉट बघा"

स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. हुबेहूब हिरवी टिक, आवाज आणि तारीख-वेळ दाखवणारी नकली पेमेंट अ‍ॅप्स फिरत आहेत. माणूस तुमच्यासमोर उभा राहून, तुमचाच क्यूआर स्कॅन केल्याचं नाटक करून, स्वतःच्या फोनवर "पेमेंट सक्सेसफुल" दाखवू शकतो. त्याच्या फोनकडे बघूच नका.

आपल्या फोनवर आलेला मेसेजही पुरेसा नाही. "युवर अकाउंट इज क्रेडिटेड विथ…" असा एसएमएस कुणीही पाठवू शकतो. तो दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर बँकेचा नाहीच, कारण बँकेचे मेसेज अक्षरांच्या सेंडर आयडीवरून येतात. पण तेवढ्यावरही थांबू नका. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन शिल्लक आणि मिनी स्टेटमेंट बघा. व्यवहाराची ओळ दिसली पाहिजे, तिच्यासोबत १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक असतो आणि पाठवणाऱ्याचं नावही दिसतं. नोटिफिकेशन आलं पण शिल्लक वाढली नाही, याचा अर्थ पैसे आलेले नाहीत.

"माझ्या खात्यातून कापले गेलेत, तुमच्याकडे येतीलच, तोवर वस्तू द्या" असं कुणी म्हणालं तर? यूपीआयमध्ये कधीकधी खरोखर असं अडकतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाठवणाऱ्याचे पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या खात्यात आपोआप परत यायला हवेत. त्यामुळे शांतपणे सांगा, "तुमचे पैसे तुम्हाला परत मिळतील, तेव्हा या, वस्तू तुमच्यासाठी ठेवतो." गरजू माणसाला हे पटतं.

"चुकून ५,००० ऐवजी ५०,००० गेले, ४५,००० परत पाठवा" हा याचाच भाऊ. बहुतेक वेळा आलेलं काहीच नसतं, फक्त खोटा एसएमएस असतो. आणि खात्यात जास्तीचे पैसे खरंच आले असतील तर ते आपल्या हाताने, तो सांगेल त्या दुसऱ्या नंबरवर अजिबात पाठवायचे नाहीत. बँकेला कळवा आणि त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा. कारण पुढच्या भागात आहे.

चेकचं एका ओळीत: अनोळखी माणसाकडून चेक किंवा डीडीवर वस्तू देऊ नका.

त्रिकोणी फसवणूक: सगळे नियम पाळूनही अडकवणारी

ही सगळ्यात धूर्त आहे आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. गाड्या, स्कूटर, महागडे फोन, लॅपटॉप यांच्या विक्रीत ती जास्त दिसते.

समजा तुम्ही स्कूटर ४५,००० ला काढली. ठग तुमचे फोटो उचलून स्वतःची जाहिरात टाकतो, किंमत ३२,०००. त्याला लगेच गिऱ्हाईक मिळतं. मग तो तुम्हाला फोन करतो: "मला गाडी पसंत आहे, माझा भाचा बघायला येतोय. त्याच्याशी पैशाचं काही बोलू नका, माझं त्याच्याकडे जुनं देणं आहे, त्यात वळतं करायचंय. पूर्ण ४५,००० मी तुम्हाला देतो." गिऱ्हाइकाला सांगतो: "गाडी माझ्या मेव्हण्याच्या घरी आहे. त्याच्याशी किमतीचं बोलू नका, नाहीतर तो अडून बसेल. पसंत पडली की पैसे मला पाठवा."

दोघं अंगणात समोरासमोर उभे राहतात, गाडी फिरवून बघतात आणि दोघंही पैशाबद्दल गप्प. गिऱ्हाईक ३२,००० ठगाला पाठवतं आणि चावी मागतं. तुमच्या खात्यात काहीच आलेलं नसतं. ठगाचा फोन बंद. आता ते गिऱ्हाईक तुम्हालाच चोर म्हणतं आणि तुम्ही त्याला, खरं तर दोघंही प्रामाणिक असता.

हे मोडायला एक प्रश्न पुरतो आणि तो आलेल्या माणसालाच विचारायचा: "तुमचं कितीला ठरलंय आणि पैसे तुम्ही कुणाला देणार आहात?" "किमतीचं बोलू नका" ही सूचना आली की हा प्रश्न विचारणं तुमचं कर्तव्यच आहे. त्या एका वाक्याने त्या गरीब माणसाचेही पैसे वाचतात.

याचा दुसरा प्रकार आणखी वाईट. इथे पैसे तुमच्या खात्यात खरंच येतात, पूर्ण येतात, तुम्ही वस्तू देता. पण ते पैसे असतात तिसऱ्याच, फसवल्या गेलेल्या माणसाचे. त्याने तक्रार केली की पैसे जिथे जिथे गेले त्या खात्यांवर होल्ड लागतो, म्हणजे पैसे अडवले जातात, त्यात तुमचंही खातं. महिन्याभराने पगार काढायला गेल्यावर कळतं. म्हणून पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. "मित्राच्या खात्यातून टाकतो" म्हटलं तर "रोख द्या किंवा तुमच्या स्वतःच्या खात्यातून द्या" एवढंच उत्तर. जास्तीचे पैसे तिसऱ्याच नंबरवर परत पाठवायचे नाहीत, तेही याच कारणासाठी: चोरीचा पैसा तुमच्या हातून पुढे सरकवून घेतात आणि साखळीत तुमचं नाव लागतं.

जाहिरात टाकतानाच घ्यायची काळजी

फोटो चोरले जाऊ नयेत म्हणून वस्तूशेजारी कागदावर जाहिरातीची तारीख आणि आपलं पहिलं नाव लिहून ठेवा आणि तो कागद फोटोत येऊ द्या. गाडीचा नंबर, चासी नंबर, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), बिलावरचा पत्ता झाका. बोलणं त्या साइटच्या चॅटमध्येच ठेवा, निदान भेटीची वेळ ठरेपर्यंत. तिथून नंबर ब्लॉक करता येतो, तक्रार करता येते आणि संभाषणाची नोंद राहते. "तुमचा नंबर खरा आहे का बघतो, आलेला कोड सांगा" म्हणणाऱ्याला तुमच्या खात्यात किंवा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिरायचं असतं. कोड कुणालाच नाही.

भेट, रोख आणि हातोहात

भेटायला बँकेची शाखा उत्तम, तीही पैसे भरण्याचं मशीन असलेली. रोख घेतली की तिथेच मशीनमध्ये भरा. खोटी किंवा संशयास्पद नोट मशीन घेत नाही आणि तुमची मोजणीही होते. ते जमत नसेल तर ५०० ची नोट तिरकी करून बघा, सुरक्षा धागा हिरव्याचा निळा झाला पाहिजे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे.

फ्रिज, कपाट अशा जड वस्तूंसाठी लोक घरीच येणार. तेव्हा घरात आणखी एक जण असू द्या आणि वस्तू दाराजवळच्या खोलीत आणून ठेवा.

फोन विकताना समोरच्याच्या हातात दिलेला फोन नजरेआड होऊ देऊ नका. "उजेडात बघतो" म्हणून नेतात आणि तसाच दिसणारा बंद फोन परत देऊन "नको, खराब आहे" म्हणतात. आयएमईआय आधीच लिहून ठेवा (*#०६# डायल केल्यावर दिसतो) आणि परत घेताना जुळवा. सौदा झाला की आधी यूपीआय अ‍ॅप्समधून खातं काढा, गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग रिसेट. हा क्रम उलटा झाला तर नव्या मालकाला फोन तुमचा पासवर्ड मागत राहतो.

गाडीची चक्कर मारायला देताना "माझं लायसन्स ठेवा" यावर जाऊ नका, ते बनावट असू शकतं. मागे बसा, किंवा तो ज्या वाहनाने आलाय त्याची चावी घ्या. विक्री झाल्यावर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या म्हणजे सुटलो असं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत अपघाताची, दंडाची नोटीस तुमच्याच दारी येते. डिलिव्हरी नोटवर (गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर) तारखेसोबत वेळही लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

पैसे गेले असतील तर, याच क्रमाने

लाजू नका आणि घरच्यांपासून लपवू नका, त्यात वेळ जातो. ठग पैसे काही मिनिटांत पुढच्या खात्यांत हलवतात, म्हणून पहिला फोन १९३० ला. ही राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन आहे. हाताशी ठेवा: तुमचा खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर. तीन वेळा गेले असतील तर तीनही. १९३० लागत नसेल तर वाट बघत बसू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा आणि पोचक्रमांक लिहून ठेवा.

लगोलग बँकेला कळवा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून घ्या, गूगलवर शोधू नका. तिथे "कस्टमर केअर" नावाने ठगांचेच नंबर असतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ सिद्ध करता आली पाहिजे. फोन केला तरी सोबत ईमेल टाका.

मग पुरावे. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी प्रोफाइल, क्यूआर, जाहिरात आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट घ्या. पोलीस ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हटलं तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. पैसे गेले नसतील, पण फसवा फोन आला असेल, तर संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू सुविधेत तो नंबर कळवा.

होल्ड लागलेल्या खात्यासाठी वाट वेगळी आहे. बँकेकडून लेखी मागा: कुठल्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून, तक्रारीचा पोचक्रमांक काय आणि नेमकी किती रक्कम अडवली आहे. पूर्ण खातं बंद केलं असेल तर फक्त वादातली रक्कम अडवून बाकीचं खातं मोकळं करण्याचा अर्ज द्या. त्या पोलीस ठाण्याला ईमेलने जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, वस्तूचं मूळ बिल आणि वस्तू नेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत व सही असलेली पावती पाठवा. ही पावती साध्या कागदावर चालते: वस्तू, तिचा क्रमांक, रक्कम, यूटीआर, तारीख-वेळ, दोघांची नावं आणि सह्या. वस्तू हातातून जायच्या आधी दोन मिनिटांत लिहून होते, नंतर कुणी सही करायला परत येत नाही.

आणि तक्रारीनंतर काही दिवसांनी "तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला, तर तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.